आठवड्यातून एकदाच लागायच्या त्या घरगुती मालिका

वृंदा_ठाणे
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडते आहे.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' संपून वीस वर्षं होऊन गेली. तरी चार मराठी माणसं जमली आणि टीव्हीचा विषय निघाला, की कुणीतरी आबांचं, म्हणजे टिपरे आजोबांचं, नाव काढतंच. तसंच 'प्रपंच'चं. त्याआधी दूरदर्शनवर 'गोट्या' होती आणि माझ्या आईवडिलांच्या पिढीची 'चिमणराव गुंड्याभाऊ'. या सगळ्यांत गोष्ट एका घराची. खून नाही, कारस्थान नाही, चेहरा बदलून परत आलेला नवरा नाही. टिपऱ्यांच्या घरात घडायचं तरी काय? ऑफिसातली कटकट, मुलांचे हट्ट, नातेवाइकांची वर्दळ. आणि शेवटी आबा डायरी उघडून बसायचे. एवढ्यावर आम्ही सगळे आठवडाभर थांबायचो.

माझं मत असं आहे, की या मालिका चांगल्या झाल्या त्या आठवड्यातून एकदा लागायच्या म्हणून. लेखकाला विचार करायला वेळ होता, आपल्याला वाट बघायला वेळ होता. रोजची मालिका सुरू झाली आणि घरातल्या माणसांची गोष्ट संपली, घरातल्या माणसांची भांडणं तेवढी उरली.

तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरं म्हणजे, माझी मुलं चौथीत आणि सातवीत आहेत. त्यांना यातलं काही दाखवायचं असेल तर सुरुवात कशापासून करू?

चकली
टिपरे! टिपरे! टिपरे! बाकी प्रतिसाद ऑफिस सुटल्यावर.

दादरकर
उत्तम धागा. थोडं मागे जाऊ या.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरचं केंद्र सुरू झालं आणि पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. टीव्ही कृष्णधवल, प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास, टीव्हीचा परवाना पोस्टात जाऊन काढायचा. आमच्या चाळीत पहिला संच आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात. त्या घरच्या वहिनी संध्याकाळी खोलीतलं सामान भिंतीला सरकवून सतरंजी घालून ठेवायच्या. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा. त्या बाईंनी कधी कुणाला परत पाठवलं नाही, हे मला आज फार मोठं वाटतं.

तिथे आम्ही 'गजरा' पाहिला, याकूब सईद आणि बबन प्रभूंचा 'हास परिहास' पाहिला, आणि मग चिमणराव आले. चिं. वि. जोशींच्या कथा माझ्या वडिलांनी पुस्तकातून वाचलेल्या, त्यामुळे ते आधी जरा साशंक होते. पण दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ बघितल्यावर ते म्हणाले, पुस्तकातली माणसं अशीच होती. विजया धुमाळे यांची ती निर्मिती. वरळीच्या स्टुडिओत, मोजक्या नेपथ्यात केलेलं काम. कॅमेरा फारसा हलायचा नाही, म्हणून सगळा भार शब्दांवर आणि नटांवर. नट रंगभूमीवर तयार झालेले, वाक्य कुठे टाकायचं आणि कुठे राखून ठेवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक.

आता वृंदाताई, तुमच्या मुद्द्याला थोडी जोड देतो. 'आठवड्यातून एकदा' हे खरंच, पण मालिका साहित्यातून आल्या हेही तितकंच खरं. चिमणराव चिं. विं.चे, 'गोट्या' ना. धों. ताम्हनकरांचा, 'टिपरे' प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून. माणसं आधी कागदावर नीट घडलेली होती, पडद्यावर नंतर आली.

बडोदेकर
दादरकर, चिं. विं.चं नाव निघालं म्हणून लिहितो. ते आमच्या बडोद्याचे. संस्थानच्या नोकरीत होते आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. बौद्ध वाङ्मयावर गंभीर लिखाण करणारा माणूस चिमणराव लिहितो, हे मला लहानपणी खरंच वाटायचं नाही. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत चिमणरावांची पुस्तकं अजून सापडतील, पाठीचा कणा सुटलेली, पण सापडतील.

मालिका मी मामाकडे मुंबईला सुट्टीत आलो की बघायचो. इकडे परत आलो की चुलत भावंडांना सगळा भाग हातवाऱ्यांसकट करून दाखवायचो.

आल्तिनो
गोव्यातून लिहितोय. आमच्या घरात कोकणी, पण टीव्ही आला तेव्हा आजीला समजायच्या त्या मराठी मालिका. आजीचं वाचन मराठीच होतं, पोथी मराठी, नाटकं मराठी. छपरावर अँटेना आणि ती फिरवायला माझा भाऊ. खालून आई ओरडायची, 'पुरो, पुरो, आता हालू नाका!' पावसाळ्यात तर पडद्यावरही पाऊस.

'गोट्या' आमच्या आजीची लाडकी. पोरका मुलगा, दुसऱ्याच्या घरात येतो आणि त्या घरचाच होतो. तिला दर भागाला रडू यायचं आणि दर आठवड्याला ती परत पहिल्या रांगेत. राजदत्तांचं दिग्दर्शन होतं, जॉय घाणेकर गोट्या झाला होता. शीर्षकगीताला अशोक पत्कींची चाल. आजही ती चाल कानावर पडली तर हातातलं काम थांबतं.

चकली
ऑफिस सुटलं, मी आले.

अशोक पत्की! 'गोट्या' पण त्यांची, 'आभाळमाया' पण त्यांचीच. आभाळमायाचं शीर्षकगीत मंगेश कुळकर्णी यांनी लिहिलेलं, देवकी पंडित यांनी गायलेलं. ते सुरू झालं की आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकच आवाज. जिना चढता चढता पूर्ण गाणं ऐकून व्हायचं, एक ओळ चुकायची नाही. :)

आता शीर्षकगीत सुरू झालं की 'स्किप' दाबतात. मी माझ्या भाचीला सांगितलंय, माझ्यासमोर बटण दाबायचं नाही.

निशिगंधा
मी थोडा वेगळा सूर लावते, रागावू नका.

'सगळे मिळून बघायचो' हे वाक्य वर तीन-चार जणांनी लिहिलंय. माझी आई कुठे होती, असा प्रश्न मला पडतो. आमच्याकडे बाबा, आजोबा, आम्ही भावंडं टीव्हीसमोर आणि आई ओट्यापाशी. मालिका तिने ऐकली, बघितली नाही. मध्येच 'काय झालं गं?' विचारायची आणि आम्ही 'थांब ना आई' म्हणायचो. तिला सलग बसून टीव्ही बघायला मिळाला तो दुपारच्या मालिका सुरू झाल्यावर. दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची, प्रतीक्षा लोणकर पत्रकाराच्या भूमिकेत. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचं नाव घेतात. घरातले सगळे बाहेर गेलेले, ओटा आवरलेला, आणि माझी आई पंख्याखाली बसून दामिनी बघतेय. ती वेळ तिची एकटीची होती. रोज होती म्हणून होती.

त्यामुळे वृंदा, 'रोजची मालिका आली आणि सगळं बिघडलं' हे मला मान्य नाही. कुणासाठी बिघडलं, हे विचारायला हवं.

आणि टिपऱ्यांच्या घरातल्या श्यामलाबद्दल, आबांच्या सुनेबद्दल, कुणी बोलत नाही. शुभांगी गोखल्यांनी ती भूमिका इतकी जिवंत केली, की घर तिच्याभोवती फिरतंय हे प्रत्येक भागात दिसतं, पण डायरी लिहायचे आबा. श्यामलाने लिहिली असती तर ती वेगळी निघाली असती. मला ती वाचायला आवडली असती.

रानवारा
निशिगंधा, 'श्यामलाची डायरी' हा मुद्दा फार आवडला. कुणीतरी लिहा खरंच.

वृंदा_ठाणे
निशिगंधा, दामिनीबद्दल लिहिलंस ते मनाला लागलं. माझ्या सासूबाईही तशाच. त्यांना विचारलं तर त्यांनी तत्काळ 'चार दिवस सासूचे' सांगितली.

पण दामिनी आणि नंतरच्या मालिका एका तराजूत घालता येतील का? दामिनी काहीतरी काम करत होती. घराबाहेर जात होती, प्रश्न विचारत होती. नंतरच्या नायिका जरीची साडी नेसून जिन्यावर उभ्या.

निशिगंधा
ते मान्य. माझा आक्षेप 'रोज' या गोष्टीला दोष देण्याला होता. बाईला काय करायला लावलं, हा निराळा प्रश्न. 'रजनी' प्रिया तेंडुलकरांनी केली १९८५ मध्ये, गॅस सिलिंडरपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांशी भांडणारी गृहिणी. १९८९ ला 'उडान' आली. कविता चौधरींनी स्वतःच्या बहिणीच्या आयुष्यावर लिहिली, दिग्दर्शित केली आणि प्रमुख भूमिकाही केली. त्यांची बहीण म्हणजे देशातल्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झालेल्या कांचन चौधरी भट्टाचार्य. आमच्या वर्गातल्या दोघीतिघी तेव्हा आयपीएस व्हायचं म्हणत होत्या, आणि त्याचं कारण हीच मालिका.

'आभाळमाया'तली सुधा जोशी बघा. सुकन्या कुलकर्णींनी केली होती. नवऱ्याचे दुसरीकडे संबंध आहेत हे कळल्यावरही ती कोसळत नाही, नोकरी करते, मुली वाढवते. १९९९ मध्ये हे घराघरांत दाखवलं आणि लोकांनी ते बघितलं. आमच्या शेजारच्या काकूंनी त्यावरून काकांशी दोन दिवस अबोला धरला होता. काकांनी काहीच केलं नव्हतं बिचाऱ्यांनी!

चकली
काका :D :D

माणदेशी
सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिवलंय. पण आमच्याकडची गोष्ट सांगतो.

आमच्या गावात टीव्ही होता ग्रामपंचायतीत, लाकडी कपाटात कुलूप लावून. किल्ली शिपायाकडं. संध्याकाळी तो कपाट उघडायचा. शेतकऱ्यांसाठीचा 'आमची माती आमची माणसं' लागला की मोठी माणसं पुढं, आम्ही पोरं मागं भिंतीवर. माझा बाप तो कार्यक्रम कान देऊन बघायचा. बियाणं, कीड, औषधाचं प्रमाण, सगळं. घरी येऊन आईला सांगायचा.

मालिका पण बघितल्या. पण खरं सांगू का, त्या घरांत आमच्यासारखं एक घर नव्हतं. सगळी दादरची, पार्ल्याची, पुण्याची. सगळ्यांच्या घरी सोफा, सगळे बँकेत नायतर ऑफिसात. भाषा पण तशीच. गावचा माणूस आला मालिकेत तर तो गडी असायचा, नायतर हसवायला असायचा. ते बघताना आमाला पण हसू यायचं, मोठं झाल्यावर कळलं आपण कुणाला हसत होतो.

'गोट्या' मात्र आपला वाटला. आईबाप नसलेलं पोरगं, दुसऱ्याच्या दारात उभं. ते गावात बी असतं, शहरात बी असतं.

आणि 'रामायण'. रविवारी सकाळी तालमीसमोर सगळा गाव. म्हाताऱ्या बायका टीव्हीला हळदकुंकू लावायच्या. वीज गेली तर पोरं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. त्याला कुठलीच मालिका पुरी पडली नाही.

दादरकर
माणदेशी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आम्ही ज्याला 'आपल्या घरातली गोष्ट' म्हणतो ते घर एका ठराविक वर्गाचं होतं. लिहिणारे, करणारे, बघणारे सगळे त्याच वस्तीतले. टीव्ही विकत घेऊ शकणारी घरंही तेव्हा तीच होती.

खानदेशी_वांगं
रामायणाची आठवण निघाली म्हणून. २५ जानेवारी १९८७ ला पहिला भाग, ३१ जुलै १९८८ ला शेवटचा. चित्रीकरण उंबरगावला झालं, म्हणजे आपल्या डहाणूच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत. आमच्या ओळखीतले लोक खास सेट बघायला गेले होते, आणि जेवणाच्या सुट्टीतल्या 'रामा'च्या पाया पडून आले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने रामायण आणि महाभारत परत लावलं. घरातल्या तीन पिढ्या एका खोलीत एकच गोष्ट बघतायत, हे मी कित्येक वर्षांनी बघितलं. म्हणून मला वाटतं, पर्याय नसणं हे कारण मोठं आहे. एकच वाहिनी होती, म्हणून सगळे मिळून बघायचे. मालिका चांगली असो वा नसो.

वृंदा_ठाणे
पण टाळेबंदीत घराघरांत शेकडो वाहिन्या होत्या, हातात मोबाइल होते. तरी लोकांनी रामायणच बघितलं ना? मग 'पर्याय नव्हता म्हणून' हे उत्तर अपुरं पडतं.

खानदेशी_वांगं
हं. मुद्दा आहे. विचार करून येतो.

पडद्यामागचा
हा धागा वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं मालिकांच्या दिग्दर्शन विभागात सहायक म्हणून काम केलं. वाहिन्यांची, निर्मात्यांची नावं घेणार नाही. पण 'आठवड्यातून एकदा' आणि 'रोज' यांत नेमका फरक काय पडतो ते सांगू शकतो.

आठवड्याची मालिका म्हणजे लेखकाला महिन्याला चार भाग लिहायचे. रोजची म्हणजे आठवड्यातून सहा दिवस धरले तर पंचवीस-सव्वीस. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास गोष्ट. ती बावीस मिनिटं रोज तयार करायची. त्यासाठी कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. संवाद कधी कधी सकाळी सेटवर येतात, नट मेकअप करता करता पाठ करतो. हाताशी भागांची 'बँक', म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग, असतील तर बरं. एखादा नट आजारी पडला, की बँक संपते आणि मग त्याच दिवशी शूट, रात्रभर संकलन, दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण.

तुम्ही लोक हसता ना, एक वाक्य बोललं की सात जणांचे चेहरे तीन तीन वेळा दाखवतात म्हणून? त्याचं कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं. मिनिटं भरायची असतात आणि लिहिलेलं पान संपलेलं असतं.

त्यात दर आठवड्याला टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचे, आकडे येतात. एखाद्या भांडणाच्या दृश्याला आकडा चढला, की पुढचा महिनाभर भांडण. लेखकाने ठरवलेली गोष्ट तिथेच थांबते. मी काही उत्तम लेखकांना या कारणाने मालिका सोडताना पाहिलंय. आणि काहींना न सोडता, घर चालवायचं म्हणून, मान खाली घालून लिहिताना पाहिलंय. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

'प्रपंच'च्या वेळी प्रतिमा कुलकर्णींनी समुद्राकाठचं 'आश्रय' हे घर असं उभं केलं, की ते घरही मालिकेतलं एक माणूस वाटायचं. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, संजय मोने, रसिका जोशी, एकापेक्षा एक नट. त्यांना एकमेकांसमोर नुसतं बसून बोलायला वेळ दिला होता. दृश्य तीन-चार मिनिटं चालायचं. आज इतकं लांब दृश्य लिहून नेलं तर 'मध्ये काहीतरी घडवा' असं सांगतात.

रानवारा
पडद्यामागचा, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख करून टाका, ही विनंती.

सुधीर जोशी आणि रसिका जोशी दोघंही फार लवकर गेले.

दादरकर
वरच्या प्रतिसादावरून आठवलं. प्रभावळकर टिपरे झाले तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्नचे असतील, आणि साकारायचे होते सत्तरीपलीकडचे आजोबा. मालिकेत राजन भिसे त्यांचा मुलगा! तरी कुठे खोटं वाटलं नाही. तिशीत चिमणराव आणि पन्नाशी उलटल्यावर आबा, मध्यमवर्गीय मराठी माणसाची दोन टोकं एकाच नटाने उभी केली. चिमणराव संसारात पदोपदी अडखळणारा, आबा संसार बाजूला बसून बघणारे.

आल्तिनो
दादरकर, क्या बात! हे असं कधी सुचलं नव्हतं.

चकली
अवांतर : प्रक्षेपण बंद पडलं की दिसणारी 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी कुणाकुणाला आठवते? आमचे आजोबा ती पाटी आली की उठून पाणी पिऊन यायचे, औषध घ्यायचे, देवाजवळ दिवा लावायचे. पाटी गेली तर त्यांची दिनचर्या कोलमडली असती.

अवांतर २ : 'साप्ताहिकी'सुद्धा आम्ही कार्यक्रम म्हणून बघायचो. पुढच्या आठवड्यात काय आहे ते वहीत लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

खानदेशी_वांगं
साप्ताहिकीची वही आमच्याकडेही होती!

विचार करून आलो, वृंदाताई. टाळेबंदीत लोक घाबरलेले होते. भीती वाटली की माणूस ओळखीच्या गोष्टीकडे जातो, शेवट माहीत असलेल्या गोष्टीकडे. टिपरे परत परत बघणारे लोकही तसेच असतील का? म्हणजे आपल्याला मालिका आवडते, की ती बघितली तेव्हा जिवंत असलेली माणसं आठवतात? माझे वडील टिपऱ्यांचे भाग बघताना आबांच्या आधी वाक्य म्हणायचे. मला त्या भागांत आबांपेक्षा वडीलच जास्त ऐकू येतात.

निशिगंधा
खानदेशी, हे वाचून थांबले जरा.

पण ज्यांना ती माणसं, तो काळ काहीच माहीत नाही, त्यांना ती मालिका आवडली तरच ती चांगली म्हणायची. म्हणून वृंदाचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही. मुलांना काय दाखवायचं?

रानवारा
माझा अनुभव. पुतणीला, वय वर्षं दहा, 'मालगुडी डेज' दाखवली. शंकर नाग यांनी आगुंब्याला चित्रित केलेली, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं असलेली. स्वामीची गोष्ट तिला फार आवडली. शाळेची भीती, परीक्षा, मित्राशी भांडण, हे सगळं तिला लगेच कळलं. 'बुनियाद' लावून बघितली, ती मात्र दहा मिनिटांत उठून गेली. त्यात फाळणी आहे, मोठ्यांचं जग आहे. ते तिला पुढे कधीतरी दाखवू.

माणदेशी
माझ्या पोराला 'गोट्या' दाखवली. यूट्यूबवर काही भाग आहेत. त्यानं विचारलं, 'पप्पा, याच्याकडं मोबाइल का नाही?' मी म्हणालो तेव्हा कुणाकडंच नव्हता. मग गप बसून बघितली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, पुढचा लावा.

वृंदा_ठाणे
सगळ्यांचे आभार. धाग्यावरच्या चर्चेनंतर घरी टिपऱ्यांचे भाग लावून बघितले, म्हणून कळवते.

धाकट्याला पहिली काही मिनिटं कंटाळा आला. 'यात काही होतच नाहीये' म्हणाला. मोठी हसत होती, कारण शिऱ्या आणि शलाकाची भांडणं तिच्या ओळखीची निघाली. धाकटा मग तिच्या हसण्यामुळे बघायला लागला. संपल्यावर त्याने विचारलं, 'हे आजोबा रोज का लिहितात? कुणी वाचतं का?' माझ्या सासऱ्यांनी त्यावर त्याला काहीतरी समजावून सांगितलं, आणि दोघं बराच वेळ बोलत बसले. मालिका बंद करून बोलत बसले, हे मुद्दाम लिहिते.

आणि हो, निशिगंधा, मी त्या वेळी स्वयंपाकघरात नव्हते. कुकर नवऱ्याने लावला.

निशिगंधा
शाब्बास!

तरी एक सांगते. तुझ्या मुलीला 'आभाळमाया'ही दाखव, जरा मोठी झाली की.

पडद्यामागचा
धाकट्याचं 'यात काही होतच नाहीये' हे वाक्य आम्ही बैठकांमध्ये मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. फरक एवढाच, की तुमचा मुलगा पुढे बघत राहिला. बैठकीतली माणसं थांबली असती तर काही मालिका वाचल्या असत्या.

बडोदेकर
कुणाला 'चिमणराव'चे भाग कुठे सलग मिळतील का? एखाददुसरा भाग दिसतो, पुढे काहीच नाही.

दादरकर
बडोदेकर, सलग मिळणं कठीण. त्या काळी टेप महाग होत्या आणि दूरदर्शनवर त्या पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. कितीतरी कार्यक्रम असे गेले. कार्यक्रम एकदा लागला की संपला, पुन्हा कुणी मागेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या लोकांना दोष देववत नाही, पण जीव तुटतो. पु. ल., कुसुमाग्रज, भीमसेनजी ज्या स्टुडिओत येऊन बोलले-गायले, तिथलं किती राहिलं असेल?

आता प्रसार भारती जुन्या संग्रहातलं हळूहळू यूट्यूबवर आणते आहे. मिळेल ते बघा आणि खाली दोन ओळी लिहा. बघणारे आहेत हे त्यांना दिसायला हवं.

आल्तिनो
एक सुचवू? सत्तरच्या दशकातलं घरी कुणी टेप केलेलं असणं अवघड, तेव्हा व्हीसीआर कुठे होते. पण 'गोट्या'च्या वेळेपर्यंत बऱ्याच घरांत आले होते. लोक लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत मालिका टेप करायचे. आमच्याकडे मामाच्या लग्नानंतर एकदम मालिकेचा अर्धा भाग सुरू होतो. अशा कॅसेट माळ्यावर पडल्या असतील तर बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी लागते. लागलेली दिसली तर मशीनमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. टेप डिजिटल करून देणारे शहरांत अजून आहेत.

चकली
आल्तिनो, तुम्ही लिहिलंत आणि मी थेट माळ्यावर चढले. आईच्या अक्षरात 'गोट्या + सुमाचं डोहाळजेवण' लिहिलेली कॅसेट सापडली!!! बुरशी दिसत नाही. आता डोंबिवली-कल्याण भागात कुणाकडे चालू व्हीसीआर आहे का? किंवा हे काम नीट करून देणारं कुणी माहीत असेल तर मला निरोप पाठवा. भाग शाबूत निघाला तर इथेच सांगते.